गाडी कोण चालवत होतं?

धाकट्या मेहुण्याच्या मुलीचं बारसं होतं. गंगापूरच्या अलीकडं, शेतातच मांडव टाकला होता. रविवारची भर दुपार. जेवणाआधी मेहुणे विहिरीमागच्या मोटारीच्या खोलीकडं निघाले, त्यांच्यामागं मीही गेलो. बारशाच्या घरी उघड कसं प्यायचं, म्हणून उभ्या उभ्या, घाईघाईनं, शेंगदाण्यांबरोबर तीन पेग झाले.

निघताना बायकोनं हात पुढं केला. "चावी द्या. मी घेते गाडी."

तिला गाडी येते, पण ती फक्त उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून तिच्या शाळेपर्यंतच चालवायची. तिचे दोन्ही भाऊ समोर उभे होते. थोरला हसला. ते हसणं मला झोंबलं. "मला काय झालंय?" म्हणत मी स्टिअरिंगवर बसलो. ती शेजारी बसली आणि पट्टा लावला.

मला काही झालेलं नाही असं खरंच वाटत होतं. जीभ जड नव्हती, रस्ता नीट दिसत होता. डावीकडच्या कच्च्या वाटेवरून एक मोपेडवाला सावकाश डांबरीवर येत होता. तोही मला स्वच्छ दिसला. दिसला, आणि तरी पाय ब्रेकवर उशिरा गेला. किती उशीर? बायको "अहो!" म्हणून ओरडली तेवढा.

तो माणूस पन्नाशीतला होता. घरांना रंग द्यायचं काम करायचा. मोपेडला अडकवलेली बादली फुटून रस्ताभर पांढरा रंग झाला होता, आणि त्यात तो पडला होता, पाय मोपेडखाली. टपरीवरची माणसं धावली. त्यांनी त्याला उचलून आमच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी पुन्हा स्टिअरिंगकडं वळलो. बायको म्हणाली, "तिकडं सरका." मग शहरातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत तिनंच गाडी चालवली. तो मागं कण्हत होता आणि मधूनच लेकीचा नंबर सांगत होता. तो नंबर मी दोनदा चुकीचा लावला.

दवाखान्याच्या दारात हवालदार आला तेव्हा बायको नुकतीच ड्रायव्हरच्या बाजूनं उतरली होती.

"गाडी कोण चालवत होतं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वेलदोडा चावत होतो. मी मान खाली घातली.

"मी," ती म्हणाली.

त्यानं तिला मशीनमध्ये फुंकायला लावलं. त्यात काहीच आलं नाही. त्याला वास येऊ नये म्हणून मी दहा पावलं लांब, खांबाला टेकून उभा होतो. बिडकीनच्या ज्या कंपनीत मी सुरक्षा अधिकारी आहे, तिथं ही बातमी पोचली तर नोकरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे तिला सांगावं लागलं नाही. तिला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी दवाखान्यात गेलो. त्याच्या घोट्याचा चुरा झाला होता, ऑपरेशन व्हायचं होतं. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, हवालदार बाईंचं नाव घेत व्हता. म्या पाह्यलं ना. गाडी तुम्ही चालवत व्हता. बाईंवर कशाला घातलं?"

मी तिथूनच बायकोला फोन केला आणि आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो.

फौजदारानं सगळं ऐकून घेतलं. "काल बोलला असता तर लगेच रक्त घेतलं असतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली असती. जेल होते त्यात, ठाऊक आहे ना? आता तुमच्या रक्तात काय सापडणार?" मग तो बायकोकडं वळला. "मॅडम, पोलिसांना खोटं सांगणं हाही गुन्हा आहे. शिक्षिका आहात ना तुम्ही?"

ती टेबलाच्या कडेकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्याशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानं तिला ताकीद देऊन सोडलं आणि नवा जबाब लिहून घेतला.

माझ्यावर बेदरकारपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. वकिलानं बजावलं, "पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. दारूचं नाव तोंडातून काढू नका." कोर्टात मी गुन्हा कबूल केला. "आणखी काही सांगायचंय?" असं मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हणालो. पहिल्यांदा घाबरून गप्प बसलो होतो. या वेळी विचार करून गप्प बसलो. दंड झाला, काही महिने परवाना निलंबित झाला. निकालाच्या कागदावर दारूचा उल्लेखही नाही.

बायको आता रिक्षानं शाळेत जाते. माझा परवाना परत मिळाला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तुम्ही माझ्याकडं एकदा तरी बघायला पाहिजे होतं."

रंगारी चालतो, पण लंगडत. शिडीवर चढणं संपलं. खालच्या भिंती, दारं, खिडक्या, असं काम मिळालं तर करतो. मी अधूनमधून त्याच्याकडं जातो. तो "या, बसा" म्हणतो, ऊन-पावसाचं बोलतो. त्याची लेक पाणी आणते. पण ती तांब्या माझ्या हातात देत नाही. ओट्यावर ठेवते आणि आत निघून जाते.