इमानाचं कार्ड

आमच्या अकोल्याच्या कारखान्यात डाळ मिलची यंत्रं बनायची. पण खरं सांगू? यंत्रांपेक्षा किस्सेच जास्त तयार व्हायचे. यंत्राला ऑर्डर लागते, लोखंड लागतं. किश्शाला काय, आमचा एक मोहोड पुरे! आता आम्ही जुने लोक कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीत कुणीतरी म्हणतंच, "अबे, ते कार्डाचं सांग नं!" मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि वाढपी आमच्या ताटात काय टाकून गेला ते कुणाला कळत नाही.

हे कार्ड म्हणजे विमान कंपनीचं. आपण उडायचं, पॉइंट जमायचे, आणि पुरेसे झाले की एखादं तिकीट फुकट.

आता डाळ मिलवाल्यांचा आणि विमानाचा संबंध काय? तर ती वर्षंच तशी होती. एकामागून एक हंगाम हातचा जात होता. सकाळी पेपर उघडायला मन धजायचं नाही. तुरीचाच पत्ता नाही, तर आमच्या भागात डाळ मिल टाकणार कोण? एक दिवस आमचे मालक सुधाकरभाऊ यांनी सगळ्यांना बोलावलं.

"गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाई, तं आपण त्याच्याकडे जाऊ. गुलबर्गा, रायपूर, कलकत्ता. रेल्वेनं पोचेपर्यंत दुसराच ऑर्डर घेऊन जाते. इमानानं जा! पण कारखान्याले कुलूप नाई लावाचं."

आणि ज्यांनी तोवर विमान, म्हणजे भाऊंच्या भाषेत इमान, फक्त मान वर करून पाहिलं होतं, ते आम्ही एका दिवसात बिझनेस ट्रॅव्हलर झालो!

* * *

पहिला प्रश्न : कार्ड कोणत्या कंपनीचं काढायचं? नागपूरहून तीन कंपन्यांची विमानं सुटायची. भाऊंनी मीटिंग घेतली.

सेल्सला मी आणि मोहोड. मोहोड तिवस्याचा. त्याला फुकट या शब्दाचं फार प्रेम. त्यानं फळ्यावर तीन रकाने आखले आणि कोणत्या कंपनीत सिल्व्हर कधी होतो, गोल्ड कधी होतो, पॉइंट किती महिन्यांनी मरतात, सगळं लिहून काढलं. मी एकदा मुंबईला उडालो होतो, म्हणून अनुभवी. मी सांगितलं, "मधल्या कंपनीचा उपमा गरम असतो."

यंत्रं बसवायचं काम रफीकभाईंकडे. बाळापूरचे, सहा फुटी माणूस. ते म्हणाले, "भाऊ, उपमा-बिपमा राहू द्या. ज्याच्यात माहे गुडघे मावतीन ते घ्या."

भाऊंनी विचारलं, "याले लॉयल्टी कार्ड काहून म्हणतेत?"

"लॉयल्टी म्हणजे इमान, भाऊ," रफीकभाई म्हणाले. "इमानाचं कार्ड."

"अरे, इमानाचंच कार्ड आहे, ते माईत आहे मले! लॉयल्टी म्हणजे काय, ते सांग!"

तेवढ्यात इंगोले मॅडम उठल्या. ऑफिस, हिशेब, तिकिटं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी सरळ तिन्ही कंपन्यांना फोन लावले. पहिल्या ठिकाणी एक दाबा, दोन दाबा आणि मग नुसता सतारीचा आवाज. दुसऱ्या ठिकाणी एक साहेब इतक्या घाईत इंग्रजी बोलले की मॅडमनी "थँक्यू" म्हणून ठेवून दिला. तिसऱ्या ठिकाणी एक पोरगी म्हणाली, "बोला ताई!"

ती निघाली परतवाड्याची! मॅडमनी तिचं आडनाव विचारलं, मामाकुळ विचारलं, लग्नाचं कुठे जमलं का ते विचारलं. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हेच कार्ड."

फळा तसाच राहिला. मोहोड अजून गोल्डच्या रकान्यातच होता!

* * *

कार्डाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. रफीकभाईंचं पूर्ण नाव शेख रफीक शेख चाँद. चाँद हे वडिलांचं नाव. कॉम्प्युटरला पहिलं नाव पाहिजे आणि शेवटचं पाहिजे, मधल्याशी त्याला घेणंदेणं नाही. कार्ड आलं ते "मिस्टर शेख चाँद" या नावानं.

त्यानंतर विमानात गेले की हवाई सुंदरी हसून म्हणायची, "वेलकम, मिस्टर चाँद!" रफीकभाईंचा चेहरा लाल. आम्ही तर ऑफिसातही त्यांना चाँदसाहेब म्हणायला लागलो.

नाव दुरुस्त करायला मॅडमनी कार्ड मागितलं, तर रफीकभाई म्हणाले, "कार्ड नाई माह्याजवळ."

"हरवलं?"

"नाई. अब्बाले दाखवलं."

अब्बांचं वय झालेलं. बाळापुरात त्यांचा माग होता, सतरंज्या विणायचे. सायकलच्या वरचं वाहन त्यांना आयुष्यात लागलं नव्हतं. त्यांनी ते चकचकीत कार्ड उलटंसुलटं केलं, नातवाकडून नाव वाचून घेतलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं.

"मी म्हटलं, अब्बा, वो मेरा है. तं म्हणते, 'नाम किसका है? मेरा. फिर?'"

रफीकभाई पुढची दोन वर्षं कार्डाशिवाय उडाले. आणि बाळापूरच्या पानठेल्यावर अब्बा सांगायचे, "मेरा विमान में खाता है!"

* * *

मोहोडला सिल्व्हर व्हायचं होतं. वर्ष संपत आलेलं आणि पुढचा दौरा धरूनही एक उड्डाण कमी पडत होतं. त्याला गुलबर्ग्याला गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. नागपूरहून हैदराबाद, तिथून बसनं गुलबर्गा, असा आमचा रस्ता. मोहोडनं मॅडमच्या मागे लागून तिकीट काढलं ते नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून हैदराबाद! भाव तोच होता म्हणे.

दिल्लीत धुकं. मोहोड अडकला. गुलबर्ग्याचे शेटजी वाट पाहून पुतणीच्या लग्नाला निघून गेले. मोहोड पोचला तेव्हा मिलमध्ये फक्त वॉचमन. पण पठ्ठ्या हटला नाही. पत्ता काढून लग्नाच्या मांडवात गेला, आहेर केला, जेवला, आणि शेटजी पान लावत होते तिथं जाऊन ऑर्डर घेऊन आला.

ती ऑर्डर आली म्हणून त्या महिन्यात सगळ्यांचे पगार वेळेवर झाले, हेही खरं. पण भाऊंनी त्याला केबिनमध्ये बोलावलंच.

"मोहोड, तू अकोल्याहून मूर्तिजापूरले जातानी उलटा शेगाववरून जातं का रे?"

मोहोड शांतपणे म्हणाला, "पॉइंट भेटत असतीन तं जातो नं भाऊ!"

* * *

सिल्व्हर झालेल्या माणसाला विमानतळावरच्या लाउंजमध्ये जाता यायचं, सोबत एक पाहुणाही नेता यायचा. कलकत्त्याहून परतताना मोहोड भाऊंनाच घेऊन गेला. मालकावर छाप पाडायची संधी पुन्हा कधी मिळणार?

गुबगुबीत खुर्च्या, इडली, केक, सरबत, आणि कुणी पैसे मागत नाही. भाऊंनी आधी संशयानं एक बिस्कीट घेतलं. मग इडली. मग म्हणाले, "मोहोड, इथं मागं-पुढं कोणी पाहून नाई राह्यलं बाप्पा!" त्यांनी बूट काढले, पाय वर घेतले, आणि झोपले. मालक झोपलेला, उठवायचं कसं? मोहोड केक खात बसला. लाउंजमध्ये विमानाची घोषणा करत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

जाग आली तेव्हा विमान वर गेलेलं!

मोहोडला वाटलं, आता नोकरी गेली. भाऊंनी शांतपणे बूट घातले, लेस बांधली.

"जाय, दुसरं तिकीट काढ."

"भाऊ, चूक झाली..."

"काढ नं! त्याचेबी पॉइंट भेटतीन न तुले?"

* * *

माझं म्हणाल तर मी बायकोला शब्द दिला होता, पहिलं फुकट तिकीट तुझं. तिला गोवा पाहायचा होता. पॉइंट जमल्यावर मी अमरावतीच्या घरून फोन लावला आणि मोठ्या ऐटीत स्पीकर चालू केला, तिलाही ऐकू यावं म्हणून.

दिवाळीत? "सॉरी सर, फुकट तिकिटं दिवाळीत चालत नाहीत." नाताळात? "सॉरी सर." उन्हाळ्याच्या सुट्टीत? "सॉरी सर." बरं, शनिवार-रविवार? "सॉरी सर. पण या पॉइंटवर आपल्याला एक छान बॅग मिळू शकते."

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "घ्या ते बॅग. तुमचेच कपडे भरून देतो तिच्यात!"

बॅग चांगली निघाली. अजून आहे.

* * *

आणि आता इंगोले मॅडमचा.

आम्हा सगळ्यांची तिकिटं त्या काढायच्या, खिडकी कुणाला, कडेची सीट कुणाला, ते ठरवायच्या. पण स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. त्या वर्षी भाऊंनी सरकारकडे एक प्रस्ताव दिला होता. गावोगावच्या बचत गटांना छोट्या डाळ मिल द्याव्यात, म्हणजे जे काही थोडंफार पिकतं त्याचे दोन पैसे गावात राहतील. त्याच्यावर गटांची आशा होती आणि आमचा कारखानाही. मुंबईहून निरोप आला : परवा मीटिंग, येऊन समजावून सांगा.

भाऊंची पाठ धरलेली, डॉक्टरांनी उठू दिलं नाही. प्रस्ताव लिहिला होता मॅडमनी. गणपतीचे दिवस, मुंबईच्या गाड्या भरलेल्या. भाऊ म्हणाले, "माह्या पॉइंटवर तुमी जा. नॉमिनी म्हणून तुमचं नाव टाका."

मॅडम दचकल्या. "भाऊ, नॉमिनी तं माणूस गेल्यावर लागते!"

"मी जित्ता आहो तोवर जाऊन या मंग!"

तर सकाळच्या रेल्वेनं मॅडम उलट्या नागपूरला गेल्या आणि दुपारच्या विमानानं मुंबईला निघाल्या, म्हणजे पुन्हा आमच्याच डोक्यावरून! पहिलाच प्रवास, म्हणून भाऊंनी बजावून सांगितलं होतं, खिडकीच घ्या.

ते काम पुढे झालं. मागितल्या तेवढ्या नाही, पण मिल मंजूर झाल्या, गावात बसल्या, रफीकभाईंनी बसवल्या. पण किस्सा तो नाही. किस्सा आहे मीटिंगच्या आदल्या संध्याकाळचा, मॅडमचा मुंबईहून फोन आला तेव्हाचा.

त्या वर्षी पाऊस असा काही लहरीत पडला होता की सोयाबीनचं झाड कमरेएवढं वाढलेलं आणि शेंग एक नाही. शेतकरी बांधावर उभा राहून त्या रिकाम्या हिरव्या रानाकडे नुसता बघायचा. आम्ही भाऊंच्या घरी त्यांच्या पलंगाभोवती बसलो होतो. फोन वाजला. मॅडमचा आवाज आनंदानं नुसता फुटत होता.

"भाऊ! ढग नव्हते, सारं दिसलं! अमरावती दिसली, अकोला दिसला असन! अन् भाऊ, वरून पाह्यलं तं आपला सारा भाग कसा हिरवागार दिसते हो!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मग भाऊ म्हणाले, "मॅडम, येतानी खिडकी घेऊ नका."