बेबीच्या खाटेवरचा लाल बोर्ड

"पहिले बंद करा, मंग बोला!"

उजव्या हाताचा पंजा छातीसमोर उभा धरून आमचे शेजारचे भाऊजी हे म्हणायचे, आणि समोर जे काही चालू असेल ते खरोखरच बंद पडायचं. मिक्सर, कूलर, स्कूटर, काहीही. एकदा आमचं नवरा-बायकोचं जोरात वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, पण बरोबर मीच होते एवढं नक्की. तर मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला, "पहिले बंद करा, मंग बोला!" आम्ही दोघंही गप्प झालो आणि मग हसत सुटलो. भाऊजींना मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मला माणसं बघायचा नाद आहे. काही बायका याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापड्या. तुम्हीही हे वाचताय म्हणजे तुम्हालाही थोडा असणारच. आणि भिलाईच्या त्या क्वार्टरांत नाद नसता तरी लागला असता, कारण दोन घरांत एकच भिंत, दोन अंगणांत मेंदीचं कमरेएवढं कुंपण, आणि पलीकडे भाऊजींसारखा माणूस.

भाऊजी मूळ तुमसरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, मेंटेनन्सला होते. बुटके, रुंद, कायम खाकी शर्टात. सायकलच्या हँडलला डबा. बोलणं कमी. पण कुठे काही बिघडलं की हा माणूस वेगळाच व्हायचा. मंडळाच्या गणपतीत एकदा आरती रंगात आलेली, आणि रोषणाईचे दिवे लुकलुकायला लागले. भाऊजींनी हातातल्या झांजा खाली ठेवल्या आणि सरळ जाऊन मेन स्विच ओढला. सगळा मांडव काळोखात. अध्यक्ष ओरडले, "अहो, आरती तरी होऊ द्या!" भाऊजी म्हणाले, "आरतीले लाइट कायले लागते? निरांजन हाये ना." उरलेली आरती आम्ही अंधारात म्हटली. खरं सांगू? तशी छान आरती पुन्हा झाली नाही.

हे बंद करण्याचं वेड कुठून आलं, हे मला जाणून घ्यायचंच होतं. एकदा ते आमच्या कूलरचा पंप बघत होते, तेव्हा विचारलंच. त्यांनी आधी प्लांटची रीत सांगितली. मशीन दुरुस्त करायला आत शिरण्याआधी माणूस स्विचवर एक लाल पत्र्याचा बोर्ड लावतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'आदमी काम कर रहे हैं, चालू न करें'. आणि ज्यानं तो बोर्ड लावला, त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कुणीही नाही.

"मोठा साहेब आला तरी?"

"साहेबाचा बाप आला तरी. आतमंधी कोण हाये, ते लावणाऱ्यालेच माहीत राहते ना वहिनी."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. इकडे नोकरी लागायच्या आधी ते आणि त्यांचा थोरला भाऊ गावाकडच्या एका भातगिरणीत कामाला होते. भाऊ पट्ट्यात हात घालून काही तरी काढत होता, आणि कुणी तरी कळ दाबली. "तिथं बोर्ड नव्हता," भाऊजी म्हणाले. भावाचा हात मनगटापासून गेला. एवढं सांगून त्यांनी पंपाचा स्क्रू पुन्हा पिळायला घेतला.

आता बेबीकडे येते. बेबी म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. नाव बेबी, पण सोळाव्या वर्षी बापापेक्षा वीतभर उंच. बास्केटबॉल खेळायची. आमच्या भिलाईत मुली बास्केटबॉल खेळतात याचं कुणाला नवल नव्हतं, पण बेबी खेळायची ते बघायला मुलंही थांबायची. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशातच होतो, आणि राज्याच्या मुलींच्या टीमची निवड जबलपूरला होणार होती आणि तिचं नाव त्यात नक्की धरलं जात होतं. भाऊजी मॅच बघायला कधी जात नसत. "मले ते उड्या मारणं पाहवत नाही," म्हणायचे. पण ती आली की पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे.

एका संध्याकाळी ती उंच उडाली आणि सिमेंटच्या कोर्टवर वाकडी उतरली. गुडघा पिळला गेला. चार मुलींनी उचलून आणली तेव्हा मी अंगणातच होते. पोरगी पांढरीफटक. ताई, म्हणजे तिची आई, रडायला लागल्या. भाऊजी गुडघ्यावरून हळूच हात फिरवत म्हणाले, "हलवू नका. कोणीच हलवू नका."

हॉस्पिटलात प्लॅस्टर चढलं, मांडीपासून घोट्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी शिरा घेऊन गेले तर काय बघते! बेबीच्या खाटेच्या पायथ्याशी लाल बोर्ड टांगलेला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, रंगवून, भाऊजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आदमी काम कर रहे हैं, चालू न करें'.

"बघा ना काकू," बेबी हसत म्हणाली, "मेरे घुटने में आदमी घुसे हैं!"

भाऊजी हसले नाहीत. वाळू भरलेले उशांचे अभ्रे तिच्या पायाच्या दोन्ही बाजूंना नीट दाबत राहिले. मैत्रिणी प्लॅस्टरवर नावं लिहायला आल्या, तर त्यांना म्हणाले, "लिहा, पण दाबून नका लिहू." आम्हाला सगळ्यांना त्याची फार मौज वाटली. सेक्टरमधून लोक बोर्ड बघायला येऊन गेले.

यथावकाश प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज गुडघा वाकवायचा, थोडा थोडा, दुखलं तरी. भाऊजींनी घरी येऊन तिला खाटेच्या कडेवर बसवलं, पाय हातात धरला आणि वाकवला. गुडघ्यातून 'कट' असा आवाज आला आणि बेबी किंचाळली. भाऊजींनी पाय पुन्हा सरळ ठेवला, अभ्रे लावले, आणि बोर्ड होता तिथेच राहू दिला.

"आवाज आला म्हंजे आतमंधी काही तरी हाये," मला म्हणाले. "आवाज येऊन राहिला तर चालवाचं नाही. आतलं काम अजून झालं नाही."

"पण भाऊजी, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरले आवाज कुठं ऐकू आला?"

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणावं की काय म्हणावं, तुम्हीच ठरवा. भाऊजी काही चोवीस तास घरी नसत. ड्यूटीवर गेले की घरात ताई आणि बेबी दोघीच. डॉक्टर काय म्हणाले ते दोघींनीही ऐकलेलं. बेबीला तर जबलपूर डोळ्यांसमोर दिसत होतं. पण पाय कुणी वाकवेना. मी ताईंना म्हटलं, "अहो, ते गेले आहेत ना ड्यूटीवर! काढून ठेवा तो पत्रा आणि वाकवा पाय."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून शिरले. "मी कशी काढू वं? ज्यानं लावला त्यानंच काढा लागते."

"तू तरी!" मी बेबीला म्हटलं.

"काकू, तो बाबांचा बोर्ड आहे," ती म्हणाली. "आप समझती नहीं."

मला असा राग आला! उठले आणि बोर्डाला हात घातला. आणि बाप्पा, विश्वास ठेवा, माझाच हात मागे आला. माझाही नवरा प्लांटमध्ये असाच मशीनच्या आत शिरणारा. त्याचा असा बोर्ड कुठे तरी लागलेला असेल आणि कुणी शहाणी बाई तो काढत असेल, असं मनात आलं. खाली बसले आणि त्यांच्याकडचा चहा पिऊन घरी आले. दुसऱ्या गावात ही गोष्ट सांगितली तर लोक वेड्यात काढतील. पत्र्याचा तुकडा तो! पण आमच्या गावात तो कुणाला काढता आला नसता.

पुन्हा दाखवायची तारीख आली तेव्हा मीही सोबत गेले. डॉक्टरांनी बेबीला टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "मोड़ो बेटा." बेबीनं दात आवळून जोर लावला. पाय जेमतेम हलला. डॉक्टरांनी हात लावून बघितलं, मग भाऊजींकडे.

"घर पर मोड़ते थे?"

भाऊजी म्हणाले, "सर, आवाज आती थी."

"आवाज आने देते, भाई. बंद पड़े-पड़े घुटना जम गया है. अब कितना वापस आएगा, मैं नहीं बोल सकता."

बेबीनं बापाकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं.

घरी येताना भाऊजी सायकल हातात धरून आमच्या सायकलरिक्षामागे चालत आले. चढले नाहीत सायकलवर. आत येऊन त्यांनी आधी बोर्ड काढला आणि बाहेर नेऊन ठेवला. मग मुलीसमोर खाली, जमिनीवर बसले.

"माझ्यानं चुकलं, बेबी. मले भेव वाटला. तुह्या काकाचा हात आठवे मले, दुसरं काही दिसेच ना."

बेबी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या भिंतीपलीकडे जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. भाऊजींनी रोज शिफ्टवरून आल्यावर गरम पाण्याचा शेक द्यायचा आणि गुडघा वाकवायचा. ताईंना ते बघवत नसे, म्हणून त्या आमच्याकडे येऊन बसत, पदराचा बोळा तोंडात धरून. आणि मला राहवत नसे, म्हणून मी तिकडे जाऊन बेबीचा हात धरून बसे. ती ओरडायची, "बंद करा! बाबा, बंद करा!" आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही म्हटलं नाही, तो माणूस बंद करायचा नाही. घामानं शर्ट भिजलेला, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. "अजून थोडंसं वं माय. थोडंसं." एकदा तिनं चांगला पाय असा झाडला की भाऊजी मागे आपटले. उठले आणि पुन्हा गुडघा धरला.

"तुमच्यामुळे झालं हे!" एक दिवस ती ओरडली. "सब आप की वजह से!"

"हो," भाऊजी म्हणाले. "माझ्याचमुळं. वाकव."

भिलाईच्या मुली तिच्याशिवाय निवडीला जबलपूरला गेल्या. त्या दिवशी तिनं जेवण टाकलं. भाऊजींनी ड्यूटीचे कपडे न बदलता दारात बसून वाट बघितली. संध्याकाळ होत आली तेव्हा तिनंच आतून हाक मारली, "बाबा, आज पाय करायचा नाही का?" मी मेंदीच्या अलीकडे होते. भाऊजी इतक्या घाईनं उठले की चप्पल एकच पायात.

पुढे बेबी खेळली. कॉलेजच्या टीममध्ये होती. पण ती पूर्वीची उडी पुन्हा आली नाही, हे तिनंच मला सांगितलं, आणि रडत नव्हे, साधं सांगितलं. लग्न होऊन रायपूरला गेली. भाऊजी निवृत्त झाले, क्वार्टर सोडून ताईंना घेऊन तुमसरकडे गेले. त्यांच्या क्वार्टरात दुसरी माणसं राहायला आली, चांगली होती, पण भिंतीपलीकडून कुणी आम्हाला कधी काही म्हटलं नाही. भाऊजी वारल्याचं बेबीनं फोनवर कळवलं.

मग ती म्हणाली, "काकू, आपको वो सिगडीवाला दिन याद है?"

आहे तर! थंडीचे दिवस होते, पाय वाकवणं अजून रोज चालूच होतं. आंघोळीच्या पाण्याला आमच्याकडे अंगणात कोळशाची सिगडी पेटवत. मी दुधाची पातेली घेऊन उभी होते. पलीकडे बेबी सिगडीसमोर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती, धुरात डोळे बारीक करून. भाऊजी रात्रपाळीवरून आले आणि फाटकात थांबले. सायकल लावेनात की आत येईनात. मला वाटलं, काय झालं? मग मीही बघितलं. पोरगी उकिडवी बसली होती. पार खाली, दोन्ही टाचा जमिनीला, दोन्ही गुडघे सारखे दुमडलेले. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. किती महिन्यांत तशी बसली नव्हती.

बापाला बघून ती डबा घ्यायला उठू लागली.

"उठू नको," भाऊजी म्हणाले.

"काऊन? काय झालं?"

"काही नाही वं. बसून राय जराशी. मले पाहू दे."