खिळ्यावरची चावी

दगूकाकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चावी असायची. ती गळ्यात असेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्या नेमबाजीच्या रेंजवरचा अलिखित कायदा होता. चहा आला तरी तो शेजारी निवत पडायचा. काम संपलं की काका चावी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे, आणि मग मात्र त्यांच्याइतका गप्पिष्ट माणूस शोधून सापडला नसता.

ही चावी कुलपाची नव्हे. नाशिकच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही काही परवानाधारक हौशी मंडळी शॉटगनने मातीच्या उडत्या तबकड्या फोडायला जमतो. या बंदुकीला एकावर एक अशा दोन नळ्या असतात, आणि प्रत्येक नळीच्या तोंडात बोटभर लांबीची एक पोलादी नळी आट्यांवर फिरवून बसवलेली असते. तिला चोक म्हणतात. छरे किती पसरायचे ते ती ठरवते, आणि ती काढायला-घालायला ही चावी लागते. काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बंदूक त्यांनी जन्मात कधी चालवली नव्हती, पण आटे म्हटले की तो त्यांचा प्रांत होता.

आमची पहिली भेट माझ्या फजितीची. आख्खा हंगाम मी चोक साफ केला नव्हता, आणि तो नळीत असा अडकला होता की हलता हलेना. मी मोठा पाना घेऊन झटापट करत होते. काका आले आणि म्हणाले, "ताई, ठेवा ते खाली. अडकलेलं लोखंड आन रागावलेला माणूस, दोघांशी जोर करायचा नाय." त्यांनी आधी बंदूक उघडली आणि दोन्ही नळ्या उजेडाला धरून पाहिल्या. मी म्हटलं, "काका, रिकामीच आहे."

"तुम्ही म्हणता रिकामी हाय. आता तिला म्हणू द्या."

मग त्यांनी आट्यांच्या फटीत तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला चक्क घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तोच चोक दोन बोटांत फिरला. काजळी आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकचा काळा थर त्यांनी मला दाखवला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातली चिमणी आठवली.

सगळ्यांचे चोक तेच साफ करून द्यायचे, आणि त्यांची पद्धत ठरलेली होती. चोक रॉकेलात भिजत घालायचा, जुन्या टूथब्रशने आटे घासायचे, धोतराच्या फडक्याने कोरडे करायचे. नळीच्या आतले आटेसुद्धा पुसायचे, कारण "नवरदेवाला आंघोळ घातली आन नवरी तशीच ठेवली, तर कसं जमंल?" मग आट्यांना ग्रीसचं बोट. मी एकदा ढीगभर ग्रीस चोपडलं तर म्हणाले, "डोळ्यात काजळ घालतात तेवढं घ्या. शिऱ्यातलं तूप नाय हे. जास्त झालं की धूळ धरून बसतं." चोक हाताने शेवटपर्यंत फिरवायचा आणि चावीचा नुसता एक टेका द्यायचा. बंदूक परत करताना ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे: "बघून घ्या. मी केलेलं असंल तर दोनदा बघा." आम्हाला तो विनय वाटायचा. कोणी बघत नसे. मी आपली सवयीने बोट लावून बघायची.

मागच्या वर्षी काकू आजारी पडल्या. काका सकाळी दवाखान्यात डबा देऊन रेंजवर यायचे आणि संध्याकाळी परत तिकडे जायचे. रेंजचे सेक्रेटरी आडून आडून बोलू लागले होते की काकांचं आता वय झालं. अशा एका रविवारी माझ्या वरच्या नळीतला चोक बोटाला लागताच फिरला. अर्धा आटा ढिला होता. मी खिळ्याकडे पाहिलं. चावी खिळ्यावर होती, म्हणजे काकांच्या हिशेबी काम पुरं झालं होतं.

मी इकडेतिकडे बघितलं, चोक गुपचूप आवळला आणि कोणाला काही सांगितलं नाही. बिचाऱ्यांना रेंजचाच काय तो विरंगुळा, तोही जायला नको, असं मनात आलं. आपण फार समजूतदार आहोत असंही वाटलं, ते लपवत नाही.

पुढच्याच रविवारी आमच्यातल्या एका वकीलसाहेबांच्या बंदुकीतून छऱ्यांबरोबर चोकही उडाला. नळीचं तोंड फुगून फाटलं. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. सगळे धावले, काडतुसाला दोष देऊ लागले. काकांनी फाटक्या तोंडाच्या आट्यांवरून अंगठा फिरवला आणि सर्वांसमोर म्हणाले, "काडतुसाचा दोष नाय. चोक ढिला ऱ्हायला. हात माझा हाय."

सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि आदल्या रविवारचं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, त्यांना जरा धीर येईल.  ते मला पहिल्यांदाच एकेरीत म्हणाले, "तुला दिसलं होतं, आन तू गप ऱ्हायली?"

"तुमची लाज जाऊ नये म्हणून, काका."

"लाज माझी होती. ती सांभाळायला तुला कोणी सांगितलं? वकिलाचा डोळा गेला असता म्हंजे?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग खिळ्यावरची चावी काढून माझ्या हातात ठेवली, सेक्रेटरींना "उद्यापासून मी येणार नाय" असं सांगितलं, आणि बस पकडून दवाखान्यात गेले. काकू बऱ्या झाल्या. काकाच या हिवाळ्यात गेले. त्याआधी मी भेटायला जायची तेव्हा ते चहा पाजायचे आणि फक्त एवढंच विचारायचे, "बघतात का लोक?"

हल्ली रविवारी चोक मी साफ करते. परवा बँकेत नोकरी करणारी एक नवी सभासद बंदूक घेऊन माझ्याजवळ आली. आजूबाजूला बघत दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, खालचा चोक थोडा ढिला वाटला. मी आवळलाय. कोणाला बोलले नाही."

माझे कान तापले. चावी खिळ्यावर होती. त्या रविवारी काका कशातून गेले असतील ते मला तेव्हा कळलं. मी उठून चावी गळ्यात घातली, तिच्या हातून बंदूक घेतली, उघडून दोन्ही नळ्या उजेडाला धरल्या.

"बरं केलंस बघितलंस," मी म्हटलं. "आता बाहेर जा आणि सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग."