बुजवलेली भोकं

त्या आठवड्यात मिस्त्रींचे पाय एका जागी ठरत नव्हते. खुर्च्या बघायला परदेशातून बाई येणार होत्या! पसंत पडल्या तर वर्षभराचं काम, नाहीतर महिनाअखेर कारखान्याला टाळं, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं. साठीच्या सुताराला दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

मग त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या भाचीला गाठलं. ती म्हणाली, मामा, या लोकांना वस्तू कशातून आली हे नीट लागतं. खुर्चीत लाकूड दिसतं ना, मग 'मेड ऑफ'. कागद लाकडाचाच, पण त्यात लाकूड ओळखू येत नाही, म्हणून 'मेड फ्रॉम'. मिस्त्री हरखलेच. "अगं, ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, आणि हे लेकाचे खुर्चीलाही सोडत नाहीत!" रंधा मारताना पाठांतर, जेवताना पाठांतर. बायकोने कानांवर हात ठेवले.

आता खरी गोम अशी की लाकूड होतं जुनं, पाडलेल्या घरांच्या दारांचं, मोडक्या बाकांचं. जुनं म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून तीस वर्षं मिस्त्री खिळ्यांची भोकं भुसा आणि सरस भरून बुजवत, वरून पॉलिश मारत. फळ्यांची गल्लत नको म्हणून बैठकीच्या खाली तेवढं पेन्सिलीने लिहीत: डॉक्टरांचं दार. शाळा, तिसरीचा वर्ग.

बाई आल्या. त्यांचं बोलणं समजावून सांगायला भाची सोबत होती. मिस्त्रींनी छाती काढून 'मेड ऑफ वुड' ठोकून दिलं. बाई गोड हसल्या आणि घड्याळ बघितलं. अशा खुर्च्या कुठेही मिळतात म्हणतायत, भाची हळूच म्हणाली.

जाता जाता बाईंनी सांधे बघायला एक खुर्ची उलटी केली. हे काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मालकांनी डोळे वटारले. पण टाळं तर लागणारच होतं, मग भ्यायचं कशाला? मिस्त्रींनी पटाशी घेतली आणि बुजवलेलं भोक खरवडून मोकळं केलं.

"फ्रॉम डोअर," ते म्हणाले. "डॉक्टर डोअर. अँड धिस, फ्रॉम स्कूल."

बाईंनी चक्क भुशात बसकण मारली. मग काय विचारता! एकेक खुर्ची उलटी होऊ लागली, भाची सांगता सांगता दमली, आणि मालकही स्वतः खुर्च्या आणून देऊ लागले. ऑर्डर ठरली, अट एकच: भोकं बुजवायची नाहीत, पेन्सिल पुसायची नाही.

निघताना बाईंनी मिस्त्रींना विचारलं, ते स्वतः कुठून आले. भाची मराठीत सांगायला लागली, पण मिस्त्रींना कळलं होतं. ज्या ठोकळ्यावर आधी त्यांचे वडील रंधा मारायचे, त्यावर त्यांनी हात ठेवला.

"फ्रॉम हिअर," ते म्हणाले, आणि भरून आलेले डोळे बाहीने पुसून त्यांनी सरसाचा डबा कोपऱ्यात सरकवला.