बर्फावरची रिंग

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. लिहिण्यात कमी-जास्त काही झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. रबर, वाफ आणि लोखंड यांच्याबद्दल मात्र मला कुणी शिकवायला येऊ नये. पिंपरीच्या एका कारखान्यात मी फिटर होतो, उभी हयात तिथं गेली. आता मुलाकडं हॉलंडमध्ये, बेस्ट नावाच्या गावात राहतो. मुलगा आइंडहोवनच्या बाजूला इंजिनियर आहे. तो काय काम करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली.

जानेवारीतली गोष्ट आहे. बाहेर कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सकाळी सून कुकरची रिंग फ्रीझरमध्ये ठेवत होती. रिंग जुनी झाली की सैल पडते, झाकणात बसत नाही, कडेनं वाफ निसटते. मग ती थोडा वेळ बर्फात ठेवायची. आकसते, तेवढ्यापुरती बसते, वरण शिजून जातं. आपल्याकडं कुठल्याही बाईला विचारा, तिला हे ठाऊक असतं. इथं तर कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पुण्याहून कुणी येणार असेल तर त्याला आणायला सांगायची, तोवर फ्रीझर.

मी म्हटलं, नवी येईपर्यंत पातेल्यात शिजव. ती हसली. "बाबा, एवढ्याशा कुकरला काय घाबरता?"

मी चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन बसलो, तेवढ्यात मुलानं मोबाइल पुढं केला. इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम, रविवारी दुपारी. तिळगूळ, जेवण, आणि एक भाषण: अंतराळयानाचा अपघात आणि त्यातून घ्यायचे सुरक्षिततेचे धडे. वक्ते निवृत्त कारखाना व्यवस्थापक, इथल्याच नीउ-व्हेनेप गावात मुलीकडं आलेले. खाली फोटो होता.

केस गेले होते, गाल लोंबले होते. पण मी ते तोंड विसरणं शक्य नव्हतं. इतकी वर्षं मी देवाकडं स्वतःसाठी काही मागितलं नसेल, पण या माणसासाठी दीर्घायुष्य मागितलं होतं. मला तो जिवंत हवा होता.

का ते सांगतो.

आमच्या कारखान्यात रबरी नळ्या व्हायच्या. कच्ची नळी एका मोठ्या आडव्या टाकीत घालून वाफेवर शिजवायची. कागदावर त्या टाकीचं नाव ऑटोक्लेव्ह, आम्ही म्हणायचो मोठा कुकर, कारण काम तेच. त्याला माणसाएवढं गोल दार, आणि दाराच्या खाचेत रबराची जाड रिंग. ती रिंग वाफ अडवते. दाराशी उभ्या माणसाचा जीव तिच्यावर असतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच कारखान्यात, माझ्याच हाताखाली. मीच चिकटवला होता त्याला. मी त्याला दाजी म्हणायचो. माझा मुलगा लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघायचा.

एकदा ती रिंग ताणली आणि सैल पडली. नवी मागवायची तर साहेब म्हणाले, ऑर्डर अडकेल, आठवडा जाईल. साहेब म्हणजे तेच, फोटोतले. दुसऱ्या दिवशी कामगारांनी बर्फाची लादी आणली, रिंग तिच्यावर ठेवली, आकसली, बसवली. पाळी निघाली. मग पुढची निघाली. कडेला वाफेचा काळा डाग पडायचा, तो पुसायचा आणि चालवायचं. साहेबांचं एकच म्हणणं, काल चाललं ना? मग आज काय झालं?

तिसऱ्या आठवड्यात मी पाना खाली ठेवला. म्हटलं, या रिंगवर मी दार लावणार नाही. साहेबांनी मला काही ऐकवलं नाही. वाकून पाना उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत दाजींच्या हातात दिला. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवून स्टोअरकडं चालू लागलो, रागात. अर्ध्या वाटेत मागून आवाज झाला.

चौकशीचा कागद आला त्यात लिहिलं होतं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळं. खाली साहेबांची सही. बहिणीनं तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रंकेत ठेवलाय. तिच्या पोरांना शाळेत ऐकावं लागलं, तुझा बाप स्वतःच्या चुकीनं मेला. ती कधी रडली नाही. मला एकदाच म्हणाली होती, दादा, त्या माणसाच्या तोंडून खरं ऐकल्याशिवाय मी मरणार नाही.

तर मी रविवारी जायचं ठरवलं. फ्रीझरमधली रिंग पिशवीत घालून कोटाच्या खिशात टाकली. सून वरणासाठी शोधत असणार.

मुलाला गाडीत सांगितलं, कोण आहे तो. त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "बाबा, ते मंडळाचे पाहुणे आहेत. तिथं माझ्या ऑफिसची माणसं असतात. तुम्ही नुसतं ऐका."

"ऐकणारच आहे," मी म्हटलं.

हॉल खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. माणसं जास्त झाली म्हणून आमच्या पोरांनी मागच्या दारासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या. हॉल सांभाळणारा डच माणूस आला आणि म्हणाला, बाहेर पडायचं दार अडवायचं नाही, खुर्च्या हटवा. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, म्हणून पोरांनी गोड बोलून पाहिलं. तो हाताची घडी घालून उभा. शेवटी खुर्च्या हलल्या. मला तो माणूस आवडला. साधा किल्ल्या सांभाळणारा, पण त्यानं नाही म्हटलं आणि सगळ्यांना ऐकावं लागलं.

साहेब दाराशीच सगळ्यांना तिळगूळ देत होते. मलाही दिला, गोड बोलायची आठवणही करून दिली. ओळखलं नाही. मी तिळगूळ घेतला आणि कोटाच्या दुसऱ्या खिशात ठेवला.

भाषण चांगलं झालं, खोटं कशाला सांगू. अमेरिकेचं ते यान, थंडीतल्या सकाळी उडालं. उडवायच्या मनोऱ्यावर बर्फाचे लोंबकळे होते. बाजूच्या रॉकेटचे तुकडे जोडलेले, जोडाच्या फटीत रबराच्या रिंगा. थंडीनं रबर कडक झालं, फट भरायला फुगलं नाही, जळता वायू बाहेर आला. सव्वा मिनिटाच्या आत सगळं आकाशात फुटलं. आत सात माणसं, त्यात एक शाळेची बाई. आदल्या दिवशी इंजिनियर सांगत होते, थंडी फार आहे, उडवू नका. वरच्यांनी त्यांनाच उलटं विचारलं, धोका आहे हे सिद्ध करून दाखवा. आधीच्या उड्डाणांत रिंगा थोड्या जळून आल्या होत्या, पण यान परत आलं होतं, म्हणून भीती मेली होती.

साहेब म्हणाले, काल निभावलं याचा अर्थ बरोबर होतं असा नव्हे. म्हणाले, खालच्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि वरच्यानं ते ऐकलं पाहिजे. त्यांनी त्या किल्लीवाल्या डच माणसाचंही उदाहरण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलानंही वाजवल्या, मग माझ्याकडं बघून थांबला.

एकेक शब्द माझा होता. मीच त्यांना सांगितलेला, वाफेत उभं राहून.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी खिशातल्या मोबाइलवरून बहिणीला फोन लावला. म्हटलं, काही बोलू नकोस, नुसतं ऐक. चालू फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि उठलो. मुलानं बाही धरली.

"बोला काका," सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली.

मी विचारलं, ते यान फुटलं तेव्हा दोष कुणावर टाकला? आत मेलेल्या सात जणांवर?

हॉलमध्ये थोडा हशा झाला. साहेब म्हणाले, "अहो, त्यांच्यावर कसा टाकतील? त्यांना तर रिंगेचं काही माहीतसुद्धा नव्हतं."

"मग आपल्या कारखान्यात दारासमोर मेला त्याच्यावर कसा टाकला?" मी रिंग काढून पुढच्या टेबलावर ठेवली. गारवा कधीच गेला होता, पिशवी आतून ओली होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॉलरला माइक लावलेलाच होता, त्यांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू आला.

"तू," ते म्हणाले.

"हो. मोठ्या कुकरवरचा फिटर."

मला वाटलं होतं, आता हा माणूस खचेल. नाही खचला. मान वर केली, आणि जुन्याच आवाजात, मला कामावर बोलावं तसं म्हणाला, "बर्फाची युक्ती कुणाची होती? ते पण सांग ना या लोकांना."

बाहीवरचा मुलाचा हात सुटला. आणि माझ्या लक्षात आलं, की छातीवरच्या खिशात फोन चालू आहे.

वर लिहिताना मी लिहिलं, कामगारांनी लादी आणली. इतकी वर्षं मी असंच सांगत आलो, तेच हाताला आलं. लादी मी आणली होती. घरी आई कुकरची रिंग माठाखालच्या गार वाळूत पुरायची, ते बघितलेलं होतं. साहेब ऑर्डरसाठी डोकं धरून बसले होते, मी फुशारकीत म्हणालो, साहेब, एक पाळी काढून देतो. पाठीवर थाप मिळाली होती मला. बहिणीला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

फोन बंद करता आला असता. खिशात हात घालायचा, एवढंच.

मी म्हटलं, "माझीच होती. एका पाळीपुरती. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या कारकुनाकडून चिठ्ठी लिहून घेऊन तुमच्या टेबलावर ठेवली, नवी रिंग मागवा. मग आणखी दोनदा सांगितलं. मग पाना खाली ठेवला. तो पाना उचलून तुम्ही कुणाच्या हातात दिला, तेवढं सांगा."

पहिल्या रांगेत साहेबांची मुलगी बसली होती, तिनं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटतं माझ्या बोलण्यानं नाही, तिच्या त्या बघण्यानं ते बोलले.

"त्याच्या मेव्हण्याच्या हातात," ते म्हणाले. लोकांना सांगत होते, मला नाही. "मी म्हणालो, लाव, काही होत नाही. आणि चौकशीत चूक त्याची लिहिली, ती मीच लिहिली."

एवढ्या वर्षांची इच्छा पुरी झाली. छाती फुगून आली माझी, ते लपवत नाही. मला त्यांची दया आली नाही आणि आजही येत नाही. पुढचे प्रश्न कुणी विचारले नाहीत. मंडळाच्या लोकांनी घाईघाईनं जेवणाची ताटं काढली.

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन फोन कानाला लावला. "ऐकलंस?"

बहीण म्हणाली, "मध्येच आवाज कापला. परत म्हणायला सांग त्याला."

साहेब पॅसेजच्या टोकाला चहाचा कप घेऊन एकटेच उभे होते. मुलगी गाडी आणायला गेली असावी. मी गेलो आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. म्हटलं, त्याची बायको आहे. तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कप हातात धरूनच सगळं परत सांगितलं, पाना, लाव म्हणालो ते, कागद. शेवटी "वहिनी" म्हणून काही पुढं बोलणार होते, मी फोन काढून घेतला. माफी मागायची सोय मी त्यांना करून देणार नव्हतो.

फोन कानाला लावला. ती म्हणाली, "आता तू सांग, दादा. बर्फाचं."

मी सांगितलं, तिथंच, त्या माणसासमोर उभा राहून. आईची वाळू, लादी, पाठीवरची थाप, आणि मी तोंड फिरवून स्टोअरकडं गेलो तेसुद्धा. तिनं सगळं झाल्यावर एकच विचारलं.

"ती युक्ती तुझी आहे हे तुझ्या दाजींना माहीत होतं?"

म्हटलं, "होतं. मीच शिकवली होती."

"म्हणून ती रिंग लावली त्यांनी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेब अजून तिथंच होते. शेजारी भिंतीला लागून एक रिकामा बाक होता. दोघंही म्हातारे, दोघंही कधीचे उभे. मी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही.