फुई आणि एक सकर्मक क्रियापद

म्हसावदला, आमच्या गावी, मराठी चौथीपुढे मुलींनी शिकावं असं कुणालाच वाटत नव्हतं. माझ्या वडिलांना मात्र वाटलं. कापसाच्या गाड्या घेऊन ते नंदुरबारला जात, तिथे इंग्रजी शाळेकडे निघालेल्या दोन मुली त्यांनी पाहिल्या आणि त्याच वर्षी मला गाडीत बसवून, तापी ओलांडून, नंदुरबारलाच राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीकडे आणून सोडलं. ही तिसाच्या दशकातली गोष्ट. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. फुईकडे मी पाच वर्षं राहिले.

फुई अंगाने काटकुळी, पण तिच्या हाताला उसंत नसे. तिचे यजमान, म्हणजे फुवा, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. फार हळू बोलायचे आणि घरात तर त्याहून हळू. समोर पत्र्याचे डबे नि बादल्या करणारे एक कारागीर राहत. त्यांना मी चाचा म्हणायची, त्यांच्या बायकोला चाची. चाची आणि फुईचं वर्षभर बोलणं बंद होतं. फुईची तांब्याची कळशी बुडाशी गळू लागली म्हणून डाग लावायला चाचांकडे गेली होती. चाचा म्हणत, मी ती रात्रीच तुमच्या ओटीवर आणून ठेवली. फुई म्हणायची, आली असती तर घरात दिसली नसती का? एवढ्यावर दोन्ही दारं एकमेकांना पाठ करून बसली होती. मी तेवढी दोन्हीकडे जात-येत असे.

आमचे इंग्रजीचे मास्तर पुण्याकडचे होते. एका शुक्रवारी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: गॅल्व्हनाइझ. म्हणाले, हे फार जिवंत क्रियापद आहे, याची वाक्यं पुस्तकातून आणू नका, आपल्या घरातून आणा.

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. पहिला अर्थ होता जस्ताचा मुलामा देणे. मी धावत समोर गेले. चाचा बादलीची कड वळवत होते. त्यांनी हातातला पत्रा मला दाखवला आणि सांगितलं की हा मुलामा विलायतेतूनच चढून येतो, आपण फक्त कापतो आणि वाकवतो. म्हणजे ते वाक्य गेलं. दुसरा अर्थ होता विजेचा झटका दिल्यासारखं चेतवणे. गावात तेव्हा वीज नव्हती. पण चेतवणे म्हटल्यावर मला स्वयंपाकघरात एका हाताने भाकरी थापणारी आणि दुसऱ्या हाताने चुलीत लाकडं सारणारी फुई दिसली. मी लिहिलं: माय ऑन्ट गॅल्व्हनाइझेस फ्रॉम मॉर्निंग टु इव्हनिंग.

शनिवारी सकाळच्या शाळेत मास्तरांनी ते वाचलं आणि वर्ग हसला. ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझी आत्या कोणाला गॅल्व्हनाइझ करते?"

मग त्यांनी सांगितलं की हे क्रियापद सकर्मक आहे, नुसतं उभं राहत नाही. फार पूर्वी एका शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूच्या तारा लावल्या आणि तो पाय उडाला. त्या शास्त्रज्ञाच्याच नावावरून हा शब्द आला. निपचित पडलेल्याला कोणी तरी हलवावं लागतं, तेव्हाच तो शब्द लागू पडतो. आपल्या आपण राबणाऱ्या बाईसाठी दुसरा शब्द शोध, नाहीतर सोमवारपर्यंत दुसरी गोष्ट शोध, असं म्हणून त्यांनी वही परत दिली. मी पार खट्टू होऊन घरी आले.

त्या दिवसांत गल्लीतल्या विहिरीचं पाणी गढूळ येत होतं. उन्हाळ्याने पाणी गुडघाभर उरलं होतं आणि तळाला गाळ साचला होता. विहिरीला दोन रहाट होते, एक आमच्या बाजूला, एक चाचांच्या. गढूळ मात्र दोन्हीकडे सारखंच येई. नगरपालिकेला अर्ज गेला होता. पुरुषमंडळी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दुसऱ्या अर्जाचा मजकूर ठरवत.

रविवारी सकाळी फुईने पाणी गाळून गाळून फडकं काळं केलं. मग ते पिळलं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, घमेलं आणि दोर घेतला आणि सरळ विहिरीवर गेली. रविवार म्हणून सकाळीच ओट्यावर जमलेली मंडळी बघत राहिली.

"तुम्ही अर्ज लिखत बठा," ती म्हणाली, "मी खाले उतरस."

आणि तिने खरंच कठड्यावरून पाय आत टाकला. विहिरीच्या भिंतीत उतरायला खोबणी होत्या. ती दुसऱ्या खोबणीवर पोचली नाही तोच ओटा रिकामा झाला. सगळ्यांत आधी चाचा धावले. तिला वर यायची विनवणी करत त्यांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला. फुई वर आली, चाचा खाली गेले आणि त्यांच्यामागे दोन तरुण उतरले. फुवांनी रहाट धरला. बायकांनी घरोघरची घमेली आणली, आणि विहिरीच्या कठड्यापासून रस्त्यापर्यंत गाळ हातोहात जाऊ लागला. चाची माझ्या शेजारी उभी होती, तिच्याकडून मी घमेलं घेई आणि पुढे देई. दुपारपर्यंत आम्ही सगळे चिखलाने एका रंगाचे झालो होतो.

गाळातून तीन पोहरे निघाले, एक अडकित्ता निघाला, आणि मग चाचांनी खालून हाक मारली. दोराला बांधून वर आली ती तांब्याची कळशी. बुडाला त्यांनीच लावलेला डाग होता.

फुवांनी रहाट सोडला आणि पुटपुटत कबूल केलं की गेल्या वर्षी पहाटे ओटीवरची कळशी उचलून पाणी शेंदताना ती त्यांच्याच हातून सुटली होती. घरात सांगायचं धाडस झालं नाही, आणि पुढे भांडण पेटल्यावर तर मुळीच नाही. फुईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरले नाही. पण बोलली ती चाचीशी. कळशी तिच्या पायाशी ठेवून म्हणाली, "मन्हं चुकनं, बहीन."

चाचीने तिला हाताला धरून आपल्या दारात नेलं, चिखलाचे हात धुवायला पाणी दिलं आणि पान लावून दिलं. दोघी उंबऱ्यावर बसून बराच वेळ फुवांबद्दलच बोलत असाव्यात, कारण मधूनमधून त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

सोमवारी मी मास्तरांपुढे वही ठेवली. माय ऑन्ट गॅल्व्हनाइझ्ड द होल लेन टु क्लीन द वेल. त्यांनी 'टु क्लीन' खोडून 'इंटू क्लीनिंग' केलं, कारण या शब्दाला 'इंटू' लागतो. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने दोनदा वाचलं आणि मला सगळी हकीकत वर्गाला सांगायला लावली. या खेपेला वर्ग हसला तो फुवांना.

संध्याकाळी मी वाक्य पुन्हा सुवाच्य लिहीत होते. वर्गातली गोष्ट कानावर गेलेली फुई मागे येऊन उभी राहिली. "मन्हा बारामा काय लिखी ऱ्हायनी तू?"

तिच्याबद्दल काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. फुईला स्वतःला अक्षरओळख नव्हती; अर्थ तिला पटला, पण एवढ्याशा ओळीत सगळी गल्ली कशी मावली याचं नवल वाटलं. तिने चाचीला बोलावून ते पुन्हा वाचायला लावलं. चाची लक्षपूर्वक ऐकत होती. निघताना तिने विचारलं की तिच्या मुलीला मी अक्षरं शिकवीन का. मुलगी नऊ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती केस विंचरून, पाटी पुसून आमच्या ओटीवर बसली होती, आणि फुई तिच्याजवळ बसून पाटीवर रेघा ओढून बघत होती.