ये वं पोट्टी

आमच्या यवतमाळकडे मुलीला पोट्टी म्हणतात. त्यात रागही बसतो आणि लाडही, कसं म्हणता त्यावर आहे. माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, तरी आईसाठी मी पोट्टीच. डोंबिवलीत हा शब्द कोणाला माहीत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. पण शब्द काही विचारून तोंडात येत नाही.

मी शाळेच्या व्हॅनमध्ये मावशी आहे. मुलांना चढवायचं, उतरवायचं, खिडकीतून हात बाहेर काढू द्यायचे नाहीत. व्हॅनमध्ये बाईमाणूस पाहिजेच असा शाळेनं नियम केला, म्हणून हे काम निघालं. मी सातवी अर्धी सोडलेली बाई. आता रोज शाळेच्या गेटातून आत जाते आणि वॉचमन मला नमस्कार करतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. काम मिळवून दिलं एका ताईंनी. त्यांच्याकडे मी आधी पोळ्या करायची. माझ्या मुलाच्या शाळेसाठीही त्याच धावल्या. त्यांचा मुलगा सहावीत आहे, याच व्हॅनमध्ये येतो. वाईट नाही तो. लहान मुलांची दप्तरं न सांगता उचलतो.

तिसरीतली एक मुलगी नवीन आली. मानपाड्याला तिच्या बिल्डिंगखाली व्हॅन थांबली, तर ही पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी. आत येईना, मागे जाईना. सगळी बघत होती. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "ये वं पोट्टी, माह्यापाशी बस."

असा हशा उसळला की काय सांगू. मला वाटलं माझ्या बोलीला हसतायत. त्याची सवय होती, मीही हसले. ताईंचा मुलगा ओरडला, "मावशी तिला पॉटी बोलली!" तेव्हाही मला समजलं नाही. संध्याकाळी माझ्या मुलानं समजावलं की पॉटी म्हणजे काय.

तोवर नाव पडलं होतं. व्हॅनमधून ते वर्गात गेलं, वर्गातून मैदानावर. ती चढली की नाकं धरायची. ती बसली की शेजारची जागा रिकामी. मी तिच्या बाजूला बसायला लागले, तर म्हणाले, मावशीला वास येत नाही, गावाची आहे ना.

शाळेनं आम्हा सगळ्या मावश्यांना एकदा बोलावून समजावलेलं होतं. मुलांना कोणी मारलं, कोणी नको तिथे हात लावला, तर लगेच सांगायचं. चांगलं समजावलं, चहा-बिस्किटं दिली. पण इथे हात तर कोणीच लावत नव्हतं. उलट तिला हात लागू नये म्हणून अंग चोरत होते. तरी मी जाऊन तिच्या वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बघते. बघितलंही असेल. शाळा मोठी आहे.

मग माझ्या लक्षात आलं की तिची पाण्याची बाटली भरलेली जाते आणि भरलेली परत येते. मी विचारलं तर हळूच म्हणाली, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूमला गेलं की सगळ्या दाराबाहेर उभ्या राहून तेच नाव ओरडतात. खिडकीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"मावशी, पोट्टी म्हणजे खरंच मुलगी ना?"

"हो गं राणी. आमच्याकडे सगळ्याच मुलींना म्हणतात."

"मग त्यांना सांगा ना."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हॅन सुरू व्हायच्या आधी उभी राहून सांगितलं, की आमच्या गावाकडे पोट्टी म्हणजे मुलगी, पोट्टा म्हणजे मुलगा, माझी आई मलाही तेच म्हणायची. सगळी कान देऊन ऐकत होती. मला वाटलं, जमलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे मावशी पण पॉटी. आज त्यांच्यात तिचं नाव छोटी पॉटी आहे.

व्हॅन चालवणारे दादा म्हणाले, "लक्ष नका देऊ मावशी. मला शाळेत ढोल्या बोलायचे. मेलो का मी?" दादा मनाचे चांगले आहेत. पण ते अजूनही शर्ट खाली ओढून ओढून पोट झाकतात, हे मी बघितलेलं आहे.

मग मी ताईंकडे गेले. जिच्यामुळे दोन घास मिळतात, तिच्याच मुलाची तक्रार घेऊन जायचं. ताईंनी बसवलं, पूर्ण ऐकलं, एकदाही आवाज चढवला नाही. मुलाला बोलावलं, माझ्यासमोर विचारलं. त्यानं कबूल केलं. उद्या तिला सॉरी म्हणायचं, असं ताईंनी बजावलं, आणि मला म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. मी जिना उतरताना रडले, सुटले म्हणून.

सकाळी तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. शब्दाचा पक्का.

"सॉरी, पॉटी."

मुद्दाम म्हणाला की तोंडात बसलेलं निघून गेलं, मला आजही ठरवता येत नाही. त्याचाही चेहरा क्षणभर पडला होता. पण तेवढ्यात सगळी व्हॅन सुरात म्हणायला लागली, सॉरी पॉटी, सॉरी पॉटी, आणि मग तोही हसला.

त्याच आठवड्यात ठाकुर्लीच्या पुलावर गाड्या अडकल्या. दुपारची वेळ, घरी परतताना. तिनं माझा पदर घट्ट धरला. खाली उतरवायला जागा नव्हती. मला कळलं तेव्हा तिचा फ्रॉक ओला झाला होता. मी माझी बाटली उघडली आणि तिच्या-माझ्या मांडीवर सगळी ओतली. मोठ्यानं म्हटलं, अरे देवा, सांडलं बघ माझ्या हातून. दादांनी आरशात बघितलं आणि रेडिओ लावला. मागे सगळी माना वर करून बघत होती. मग कोणीतरी नाक धरलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पोट दुखतंय. त्याच्या पुढच्या दिवशीही पोट दुखतंय.

हे पोटदुखणं मला माहीत आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा शेजारच्या गावी, वाटेत नाल्यावर एक रपटा, म्हणजे बुटका पूल, आणि रपट्यावर बसलेली मुलं. शाळा सोडली असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलंच नाही. एक दिवस पोट दुखलं, मग पुन्हा दुखलं, मग आई म्हणाली, घरीच आहेस तर बकऱ्या बघ.

आज सकाळी तिची आई खाली आली. आजही नाही येणार म्हणाली. मग माझा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून इतके दिवस तरी गेली, मावशी. घरी तिच्या तोंडी तुमचंच नाव असतं. हा पॉटी शब्द कोणी काढला, तेवढं मात्र सांगत नाही."

मी वर बघितलं. मुलगी गॅलरीचं ग्रिल धरून उभी होती. हाक मारायला तोंड उघडलं, तर तोच शब्द जिभेवर आला. मी तोंड मिटलं आणि हात हलवला. तिनं हलवला नाही, पण आतही गेली नाही.

"उद्यापासून या गल्लीत शिरायचं का?" दादांनी विचारलं. "गाडी वळवायला त्रास होतो."

"शिरा दादा," मी म्हटलं. "थोडे दिवस शिरा."

गाडी मागे घेताना त्यांनी उगाच एकदा हॉर्न वाजवला.